नवी राइड हवी तर ती वर नको, खाली न्या. आणि बंद पडलेल्या दगडखाणीतच बांधा

दगडफूल (धागाकर्ता)

थीम पार्कात नवीन राइड म्हटली की सगळ्यांच्या माना वर होतात. आणखी उंच, आणखी वेगवान. न्यू जर्सीतल्या 'किंगडा का'ने 2005 मध्ये 139 मीटरची उंची गाठली, वीसेक वर्षं मिरवली आणि 2025 च्या फेब्रुवारीत ती स्फोटकं लावून पाडली. अबू धाबीतल्या 'फॉर्म्युला रोसा'चा वेग ताशी 240 किलोमीटर, त्यामुळे बसण्याआधी डोळ्यांवर गॉगल चढवावा लागतो. या शर्यतीत पुढचा आकडा गाठायला कल्पना लागत नाही, पोलाद लागतं.

माझी राइड उलट दिशेने जाते. साठ मीटर खोल, काम संपलेली दगडखाण घ्या. स्टेशन काठावर. खाणीला टप्पे असतातच, त्यांवरून गाडी वळणं घेत माणसाच्या चालीने उतरते. सुमारे 600 मीटर रूळ, आठ मिनिटं. आणि मोजमाप असं: 60 मीटर म्हणजे पृथ्वीचं सगळं वय, 454 कोटी वर्षं. एक मीटर उतरलात की साधारण साडेसात कोटी वर्षं मागे.

आता हिशेब करून बघा, मजा येते. आपली मानवजात तीन लाख वर्षांची धरली तर ती चार मिलिमीटरमध्ये आटोपते, गाडीचा ब्रेक नीट सुटायच्या आत. एक मीटर पुरा व्हायच्या आधी डायनोसॉर दिसायला लागतात आणि तिसऱ्या मीटरच्या आसपास नाहीसे होतात. सहा मीटरच्या थोडं खाली जमिनीवरच्या पहिल्या वनस्पती संपतात. सात मीटरला कवचवाले पहिले प्राणी. तिथून खाली, म्हणजे अजून 53 मीटर, ओळखीचं काहीच नाही. बत्तीस मीटरपाशी हवेतला प्राणवायू जवळजवळ संपतो. शेचाळीस मीटरच्या सुमारास सजीवांच्या सगळ्यात जुन्या खुणा. त्याखाली नुसता दगड आणि धग.

तळाशी झाकलेल्या भागात गाडी थांबते, मिट्ट काळोख. मग चुंबकी मोटरा गाडीला पुढे ढकलतात आणि साठ मीटरची चढण चढून गाडी दहा-बारा सेकंदांत उन्हात. सगळा प्रवास एका दमात परत.

जागेबद्दल हट्ट आहे: सपाट माळ नको. इंग्लंडमधल्या आल्टन टॉवर्स पार्कला झाडांच्या शेंड्यांपेक्षा उंच बांधायला बंदी होती, म्हणून 1994 ची 'नेमेसिस' बांधताना सुरुंग लावून खडक फोडला आणि रूळ खड्ड्यात घातले. त्या अडचणीतूनच ती राइड झाली. इथे तर खड्डा आधीच तयार आहे. बोला.

घसरगुंडी

असहमत. सात मीटरला गंमत संपली, पुढे 53 मीटर बघायचं काय? बुरसटलेला दगड आणि मागून गंभीर आवाजातलं निवेदन? लोक राइडमध्ये पोटात गोळा यावा म्हणून बसतात, भूशास्त्राची परीक्षा द्यायला नाही. तुम्ही आठ मिनिटं चालीने फिरवणार आणि दहा सेकंद पळवणार. प्रमाण उलटं करा, मी पहिल्या गाडीत बसतो.

दगडफूल

त्या 53 मीटरमध्ये काही नाही हेच तर दाखवायचं आहे! सगळी पुस्तकं, सगळी संग्रहालयं त्या पहिल्या सात मीटरवर जगतात. बाकीचा काळ एका ओळीत उरकतात, कारण कागदावर रिकामी जागा सोडणं परवडत नाही. गाडीत बसलेल्या माणसाला मात्र ती रिकामी जागा सोसावी लागते. सातेक मिनिटं जवळजवळ काहीच घडत नाही, प्रकाश बदलत जातो, चाकांचा आवाज खडकावरून परत येतो. आणि निवेदन नाहीच. भिंतीवर फक्त मीटरचे आकडे.

आणि वेगाचं म्हणाल तर 1884 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर थॉम्पसन नावाच्या माणसाने सुरू केलेल्या राइडची गाडी ताशी दहा किलोमीटरच्या आसपास जायची. लोक रांगा लावून बसायचे.

घसरगुंडी

1884 मध्ये लोकांनी आजच्यासारख्या राइड बघितल्या नव्हत्या हो. आणि तिथेच, 1895 मध्ये, पूर्ण गोल वळसा असलेली गाडी आली. माना अवघडायच्या, तरी लोक बसायचे. वेगाची भूक तेव्हाही होती.

तिसरा_ब्रेक

कल्पना आवडली म्हणूनच जरा उलटतपासणी घेतो. राइड चालवण्याच्या बाजूने बोलतोय, कागदावर सगळंच छान धावतं.

वीस जणांची गाडी दर मिनिटाला सोडली तर तासाला 1,200 माणसं. मोठ्या पार्कात हे जेमतेम. आठ मिनिटांची राइड म्हणजे एका वेळी रुळावर आठ गाड्या, शिवाय चढणीवर एक आणि स्टेशनात एक-दोन. रूळ विभागांत वाटलेला असतो आणि एका विभागात एकच गाडी, हा नियम. प्रत्येक विभागाच्या शेवटी गाडी पूर्ण थांबवता आली पाहिजे. सावकाश उतारावर ते सोपं. घोडं पेंड खातं तळाशी. आधीची गाडी वर पोचून बाजूला झाल्याशिवाय पुढची सोडायचीच नाही, आणि वर स्टेशनात कोणाचा पट्टा अडकला की मागच्या सगळ्या गाड्या काळोखात उभ्या. अशा वेळी माणसं 'सिस्टीम चुकतेय' असं समजून हाताने पुढे ढकलायच्या मोहात पडतात. आल्टन टॉवर्सच्याच 'स्मायलर'वर 2 जून 2015 ला हेच झालं. रुळावर रिकामी गाडी उभी होती, सुरक्षा यंत्रणेने बरोबर अडवलं होतं, ते बाजूला सारून भरलेली गाडी सोडली. माणसं जायबंदी झाली, कंपनीला 50 लाख पौंड दंड बसला. तुमच्या राइडमध्ये असे मोह रोज होतील.

दुसरं, वीज. साठ मीटर चढायला घर्षण सोडूनसुद्धा तळाशी ताशी 123 किलोमीटर वेग हवा. दहा टनांची गाडी धरली तर ऊर्जा 1.6 युनिटच्या आसपास, म्हणजे काहीच नाही. पण ती चार सेकंदांत द्यायची आहे: सरासरी दीड मेगावॅटचा झटका, दर मिनिटाला. ऑर्लँडोच्या 'हल्क' राइडवर 1999 मध्ये यासाठी मोठी गरगर फिरणारी चाकं बसवली होती, झटक्यांमधल्या वेळात ऊर्जा साठवून ठेवायला. तसलं काही लागेल. आणि जोर कमी पडून गाडी मागे घसरली तर धरून ठेवणारे ब्रेक पूर्ण चढणीला.

खाणीचं पाणी आणि सुटे दगड हा तिसरा विषय. तो पुन्हा कधी.

काठावर_बसलेला

पाण्याचा विषय 'पुन्हा कधी' का? तोच तर मुख्य. खाण बंद केली, पंप बंद केले, की बऱ्याच खाणी भरतात. कायम उपसा करत बसायचं?

दगडफूल

हे जगाला नवीन नाही. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधला ईडन प्रकल्प, म्हणजे एक मोठी बाग, चिनी मातीच्या 60 मीटर खोल खाणीत आहे, 2001 पासून. भूजलाच्या पातळीच्या खाली आहे, पाणी गोळा करून झाडांनाच देतात. शांघायजवळ सोंगजियांगला 88 मीटर खोल दगडखाणीत 2018 मध्ये चक्क हॉटेल उघडलं, तळाचं पाणी ठेवून. रुमानियातल्या तुर्दाच्या मिठाच्या खाणीत जमिनीखाली आकाशपाळणा फिरतो आणि तळ्यात होड्या चालतात. कोरडी हवी तर मिठाची घ्या, ओली हवी तर तळाचं तळं राइडमध्ये घ्या.

काठावर_बसलेला

ही तिन्ही ठिकाणं खाणीत आहेत म्हणून चालत नाहीत, लोक तिथवर पोचतात म्हणून चालतात. जागा म्हणजे खड्डा नव्हे, रस्ता. कोपनहेगनचं टिवोली पार्क 1843 चं, आज शहराच्या मधोमध, मुख्य रेल्वे स्टेशनच्या समोर. तिथली लाकडी गाडी 1914 ची, ब्रेक लावणारा माणूस गाडीतच बसतो, आणि लोक ऑफिसातून सुटून संध्याकाळी एक फेरी मारून जातात. पॅरिसच्या डिस्नीला उपनगरी गाडीचं स्टेशन दारात आहे. तुमची खाण नक्कीच कुठल्या तरी आडरानात असणार.

माझा पर्याय: गावातली जुनी वायूची टाकी, कारखान्याची चिमणी, धक्क्यावरचं रिकामं गोदाम. जर्मनीत काल्कारला अणुभट्टी बांधून कधी सुरूच केली नाही. आज तिथे पार्क आहे आणि शीतमनोऱ्याच्या पोटात साखळ्यांचे झोके फिरतात. साठ मीटर हवेत ना? मनोऱ्यात वरून खाली या.

दगडफूल

मनोऱ्यात वरून खाली आलात की तुम्ही जमिनीवर येता. खाणीत खाली गेलात की जमिनीत जाता. शरीराला हा फरक कळतो: थंडावा, ओल, वरचं आकाश लहान होत जाणं. सिमेंटच्या नळकांड्यात हे सगळं नाटक करून आणावं लागेल. आणि काल्कार काही शहराच्या मधोमध नाही, ऱ्हाइनकाठचं लहान गाव आहे.

पिंगळा

'बंद पडलेली', 'रिकामी', 'काम संपलेली'. कोणाच्या दृष्टीने रिकामी? युरोपात सोडून दिलेल्या दगडखाणींच्या कड्यांवर मोठी शिंगी घुबडं आणि बहिरी ससाणे घरटी करतात. तळाच्या उथळ डबक्यांत बेडूक. आपण दगड काढून नेला, हात झटकले, त्यांनी ती जागा घेतली. आता तिथे दर मिनिटाला किंकाळ्या आणि मोटरांचा आवाज?

थीम पार्कवाल्यांना हे पूर्वी भोवलेलं आहे. कॅलिफोर्नियातल्या मिनरल किंग खोऱ्यात डिस्नीला बर्फावरच्या खेळांचं रिसॉर्ट बांधायचं होतं. प्रकरण 1972 मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1978 मध्ये ते खोरंच राष्ट्रीय उद्यानात घातलं. व्हर्जिनियात 'डिस्नीज अमेरिका' पार्क 1993 मध्ये जाहीर झालं, जवळच अमेरिकी यादवी युद्धातली मनॅससची रणभूमी, इतिहासकार उभे राहिले आणि 1994 मध्ये गाशा गुंडाळला. राइड कशी आहे हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

दगडफूल

म्हणजे माळ नको कारण तिथे गवत, जंगल नको कारण जंगल, खाण नको कारण घुबड. मग बांधायचं कुठे? पिंगळा, मी चालू खाणच घेतो. अजून दगड निघतोय अशी, जिथे बंद होण्याचा दिवस ठरलेला आहे. तिथे आज घुबड नाही आणि खाणवाल्याला पुढे काय करायचं ते ठरवायचंच आहे.

पिंगळा

बंद झाल्यावर खाणवाल्याने ती जागा निसर्गाला परत द्यायला हवी. तुम्ही आधीच रांगेत नंबर लावताय.

रांगेतला_शेवटचा

राइडचं नाव 'अधोगती' ठेवा. तिकिटं आजच संपतील.

शिंपला

मला जागेपेक्षा खरेपणाची अडचण आहे. खाणीच्या भिंतीला स्वतःचं वय असतं. ग्रॅनाइटची खाण असेल तर वरपासून खालपर्यंत बहुधा एकाच काळाचा दगड, चुनखडीची असेल तर काही लाख किंवा काही कोटी वर्षांचे थर. त्यावर तुम्ही 'इथे डायनोसॉर, इथे प्राणवायू' अशा पाट्या ठोकणार. मुलं घरी जाताना काय समजणार? की खणत गेलं की सात मीटरवर कवचवाले प्राणी सापडतात. इतकं खरं मोजमाप आणि त्याला इतकी खोटी भिंत!

दगडफूल

हा आक्षेप सगळ्यात टोचला. उत्तर असं की भिंतीला हात लावायचा नाही. रुळाशेजारी पितळेची एक पट्टी, गाडीच्या कठड्याच्या उंचीवर, काठापासून तळापर्यंत सलग. मोजमाप तिच्यावर. भिंत भिंतीचं वय सांगेल, आणि खऱ्या भिंतीत एखादा शंख सापडला तर त्यापाशी त्याच्या खऱ्या वयाची पाटी. दोन वेगळी घड्याळं शेजारी शेजारी.

शिंपला

पट्टी चालेल. पण मग डायनोसॉरचे पुतळे नकोत, एकसुद्धा नको.

घसरगुंडी

झालं! आता डायनोसॉरही गेले. 😀

चाकांवर_निवांत

सगळे भिंतीवर भांडताय, मी खुर्चीवर. व्हीलचेअरवर. सावकाश उतरणारी, काळोखातून जाणारी, आठ मिनिटांची राइड ही मला, माझ्या सत्तरीतल्या आईला, चार वर्षांच्या भाचीला, तिघांनाही चालणारी. अशा राइड फार कमी असतात. आणि तुम्ही शेवटचे दहा सेकंद लावून आम्हा तिघांना दारातच अडवलंत. त्या झेपेसाठी किमान उंची येणार, मानेचा-हृदयाचा फलक येणार, खांद्यावरचा दांडा येणार. डिस्नीलँडची 'हॉन्टेड मॅन्शन' 1969 पासून न थांबता सरकणाऱ्या बग्ग्यांवर चालते आणि तिला उंचीची अट नाही. नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंग पार्कची 'ड्रूमफ्लुख्त' 1993 ची, तीही अशीच संथ. त्या अजून का चालतात याचा विचार करा.

झेप काढून टाका.

घसरगुंडी

झेप काढली तर उरते पट्टी आणि दगड. नको!

दगडफूल

झेप काढणार नाही. 454 कोटी वर्षं सोसल्यावर ती एका दमात परत मिळणं हाच शेवट आहे. लिफ्टने वर आणलं तर सहलीला गेल्यासारखं होईल. तळाशी ज्यांना नको त्यांनी उतरावं, लिफ्टने यावं, एवढं करता येईल.

चाकांवर_निवांत

म्हणजे बाकीचे उन्हात झेपावणार आणि आम्ही सामानाच्या दारातून वर. नेहमीसारखंच.

तिसरा_ब्रेक

थांबा. तळाशी माणसं उतरवायची, काहींना परत बसवायचं, हे दर मिनिटाला जमणार नाही. 1,200 वरून 700 वर याल. त्यापेक्षा स्टेशनातच दोन प्रकारच्या गाड्या आणि तळाशी सांधा. एक रूळ झेपेकडे, दुसरा काचेच्या तिरक्या उद्वाहनाकडे (लिफ्टकडे), जे अख्खी गाडी उचलून पितळी पट्टीच्या कडेने चार मिनिटांत वर आणेल. कोणी उतरायचं नाही, कोणी चढायचं नाही. दोन्ही गाड्यांना एकच रांग, एकच उतार. शिवाय झेप बिघडली तरी राइड बंद पडणार नाही, सगळ्या गाड्या उद्वाहनाकडे वळवता येतील. चालवणाऱ्याला यापेक्षा गोड काही नाही.

खर्च किती वाढेल ते विचारू नका. सांधा हलणारा, म्हणजे देखभालीला अजून एक जागा.

चाकांवर_निवांत

हे चालेल. उलट मला वर येतानाचाच प्रवास जास्त आवडेल: 53 मीटर काही नाही, आणि मग शेवटच्या सातात सगळी गर्दी.

दगडफूल

सांधा मान्य. पण दोन रांगा कराव्या लागल्या तरी चालतील, उद्वाहनाच्या गाडीत पट्टा नको, दांडा नको, बाक हवेत.

तिसरा_ब्रेक

पट्टा लागणार. दहा टक्के उतार आहे.

पिंगळा

आणि कुंपणाच्या बाहेर एक कडा मोकळा सोडणार का, ते अजून कोणी बोललेलं नाही.