गिटारचा नाद की गिटारींचा सोस?

प्रश्न : कोल्हापुरातील माझ्या भाच्याकडे पाच गिटारी आहेत आणि सहावीसाठी तो पैसे साठवतो आहे, वाजवताना मात्र हाती बहुधा एकच असते. या ओढीला इंग्रजीत गमतीने ‘गिटार अ‍ॅक्विझिशन सिंड्रोम’ असे आजाराचे नाव मिळाले असून त्याच्या आद्याक्षरांवरून ‘गॅस’ हा शब्द रूढ झाला आहे. मराठीत नेमके काय म्हणावे? घरी सगळे ‘नाद’ म्हणतात, पण मला ते पटत नाही.

उत्तर : आपली शंका रास्त आहे. ‘नाद’ म्हणजे ध्वनी आणि ‘नाद’ म्हणजे आसक्तीही, त्यामुळे वाद्याच्या बाबतीत तो शब्द सहज ओठांवर येतो (‘छंद’ शब्दातही वृत्त आणि आवड असे दोन्ही अर्थ नांदतात). परंतु नाद हा मुख्यतः करण्याचा असतो. कुस्तीचा नाद, फुटबॉलचा नाद, गाण्याचा नाद, अशा प्रयोगांत माणूस त्या गोष्टीत बुडालेला असतो, तिचा साठा करत नसतो. शिवाय कोल्हापुरात ‘नाद खुळा’ ही आता उघड शाबासकी झाली आहे, तेव्हा भाच्याला तसे म्हटल्यास सहावी गिटार दुसऱ्याच दिवशी घरी येईल.

‘हौस’ हा शब्द अरबी ‘हवस’पासून आला असला, तरी मराठीत तो सौम्य झाला, हौस फिटते, आणि इथे तर ती फिटतच नाही. ‘हव्यास’ पैशाला किंवा सत्तेला शोभतो, गिटारीसाठी तो फार कठोर वाटतो. उरतो तो ‘सोस’. साड्यांचा सोस, दागिन्यांचा सोस, भांड्यांचा सोस : मोजता येणाऱ्या वस्तूंचे अनेकवचन त्याला मानवते, आणि असलेले पुरेसे असूनही आणखी हवे वाटणे त्यात आपोआप येते. म्हणून वाजवण्यापुरता ‘गिटारचा नाद’ म्हणावे आणि खरेदीपुरता ‘गिटारींचा सोस’. (सतार–सतारी, तशी गिटार–गिटारी, ‘गिटार्स’ची गरज नाही.)

प्रतिसाद : मग ‘कबुतरांचा नाद’ कसा? तिथे अनेकवचन आहेच की.

उत्तर : आक्षेप योग्य आहे, त्यामुळे केवळ वचनावरून निवाडा करता येणार नाही. मात्र तो नाद कबुतरे उडवण्याचा, त्यांना दाणे टाकण्याचा असतो. नुसती विकत आणून पिंजऱ्यात ठेवणाऱ्याला कोणी नादी म्हणणार नाही.

संख्या वाढली की सोसच, असेही नाही. मिरजेत तानपुरे पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या पट्टीप्रमाणे वेगवेगळ्या मापांचे घडवतात आणि गायकामागे बहुधा जोडी लागते; तिला कोणी सोस म्हणत नाही. नायलॉनच्या तारांची, पोलादी तारांची आणि इलेक्ट्रिक, या तिन्ही गिटारींचे आवाज एकमेकींची जागा घेत नाहीत. तेव्हा भाच्याची सहावी गिटार बारा तारांची असेल, तर ती गरज समजून सोडून द्यावी. पाचवीसारखीच पण निळ्या रंगाची असेल, तर ‘सोस’ हा शब्द निःसंकोच वापरावा.