सीबीटीचं प्रशिक्षण : कोल्हापुरात राहून कसं जमवावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी एम.ए. मानसशास्त्र केलंय, सध्या कोल्हापुरात एका शाळेत समुपदेशक आहे. आता कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी (सीबीटी), म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी तपासून बदलायला मदत करणारी उपचारपद्धत, नीट शिकायची आहे.

वाचन झालंय. १९६० च्या दशकात एरन बेक यांनी मांडलेली पद्धत, त्याआधी अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेविअर थेरपी), हे पाठ आहे म्हणा ना. घोडं अडतं ते प्रत्यक्षात. परवा दहावीच्या एका मुलीकडून विचारांची नोंद लिहून घेतली. प्रसंग, मनात आलेला विचार, भीती किती टक्के. "पेपर कोरा जाणार, ९० टक्के." पुढच्या रकान्यात पुरावा लिहायचा, तर ती म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगा ना!" अशा वेळी उत्तर तोंडात न देता प्रश्न कसे विचारत न्यायचे, हे व्हिडिओ बघून येत नाही. केस ऐकून चुका दाखवणारं कुणीतरी, म्हणजे सुपरव्हिजन, लागतं.

वीकेंडला सर्टिफिकेट देणारे कोर्स उदंड आहेत, त्यात सुपरव्हिजन मात्र नावाला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची) नोंदणी लागते, तीही अशा कोर्सने मिळत नाही, एवढं माहीत आहे. पण त्यासाठी नोकरी सोडून पूर्णवेळ शिकणं घरच्यामुळे तूर्त शक्य नाही.

ठाण्या-पुण्याकडे किंवा ऑनलाइन, मराठीतल्या केसेसवर सुपरव्हिजन देणारं कुणी आहे का? फी साधारण किती? सांगली-कोल्हापूरकडचं कुणी शिकत असेल तर महिन्यातून एकदा भेटून सराव करूया. जागा मी बघते, चहा माझ्याकडून.