हरिकेनच्या मोसमात सहकुटुंब स्कूबा : तुमचे अनुभव लिहा

ह्यूस्टनची थोरली
काल बातम्यांत नकाशावर वादळाच्या वाटेचा तो पांढरा कोन परत दिसला आणि २०२४ चं बेरिल वादळ आठवलं. चार जुलैच्या सुट्टीला जोडून मेक्सिकोचं कोझुमेल बेट ठरलं होतं. लेक नुकतीच दहा वर्षांची झालेली. स्कूबाच्या ज्युनियर कोर्सची थिअरी आणि स्विमिंग पूलमधलं सगळं इथेच उरकलेलं, समुद्रातल्या डाइव्ह तेवढ्या बाकी. सासूबाई सोबत येणार होत्या, किनाऱ्यावर बसून आमच्या चपला सांभाळायला (त्यांचेच शब्द). २ जुलैला बेरिल कॅटेगरी ५ ला, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीला पोचलं. मोसमात इतक्या लवकर आजवर कुठलंच अटलांटिक वादळ तिथवर गेलं नव्हतं. आम्ही मुकाट्याने रद्द केलं. ५ तारखेला ते मेक्सिकोत तुलुमजवळ धडकलं, म्हटलं सुटलो. ८ तारखेला तेच टेक्सासच्या किनाऱ्यावर! घरी लाइट नाही, बाहेर उकाडा. फ्रीजरमधल्या पुरणपोळ्या अख्ख्या गल्लीत वाटल्या. लेक गॅरेजमध्ये मास्क लावून रुसून बसलेली.
१ जून ते ३० नोव्हेंबर हा मोसम, आणि मुलांची सुट्टी नेमकी त्यातच. मग जायचं तरी कधी? ज्यांनी जमवलंय त्यांनी लिहा.

बटाटेवडा
पुरणपोळ्या फ्रीजरमध्ये?? आधी यावर धागा काढा.

टॅम्पाकर
ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नकोच, १० सप्टेंबरच्या आसपास कळस असतो. जून-जुलै त्या मानाने बरे, बेरिल हा अपवाद. आणि त्या कोनाबद्दल लोकांचा भलताच गैरसमज आहे. वादळाचं केंद्र कुठून जाईल तेवढंच तो सांगतो, वादळ किती रुंद ते नाही. शिवाय तीनातल्या एका वेळी केंद्र त्याच्याही बाहेर जाऊ शकतं. "आपण कोनाबाहेर आहोत" म्हणून निवांत बसलेले आमचे शेजारी नंतर छपराची कौलं शोधत फिरत होते. मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरचा सात दिवसांचा अंदाज बघायचा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे रंगीबेरंगी नकाशे भावजींसाठी सोडून द्या.

निळी मासोळी
बोनेअर! बोनेअर! अरूबा, बोनेअर, क्युरासाओ ही तिन्ही बेटं वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला, व्हेनेझुएलाला लागून. आम्ही ऑगस्टमध्येच जातो. बोटीची भानगड नाही. रस्त्याकडेला पिवळा रंग दिलेले दगड असतात, त्यावर डाइव्हच्या जागेचं नाव. पिकअप लावा, टाकी पाठीवर घ्या, चालत पाण्यात शिरा. धाकटा आठ वर्षांचा होता, त्याला पूलमध्येच दोन मीटरपर्यंत बबलमेकर (लहान मुलांची स्कूबाची तोंडओळख) करवलं. तो खूश, आम्ही दोघं आळीपाळीने बाहेर.
अगदी निर्धास्त मात्र राहू नका. नोव्हेंबर १९९९ मध्ये लेनी वादळ उलटं, म्हणजे पश्चिमेकडून आलं, तेव्हा लाटांनी तिथल्या उथळ पाण्यातल्या प्रवाळाची वाट लावली होती.

बटाटेवडा
वादळ पण रॉंग साइडने? पुण्याचं असणार.

हिशेबनीस
@ह्यूस्टनची थोरली, पैसे परत मिळाले का ते लिहिलं नाहीत. बाकीच्यांसाठी: वादळाला नाव पडलं की त्यानंतर घेतलेला प्रवास विमा त्या वादळापुरता बिनकामाचा. म्हणून तिकीट काढलं की लगेच विमा. आणि विमान चालू, हॉटेल उघडं आणि तुम्ही धास्तीने रद्द केलंत, तर साध्या विम्यात बहुतेक छदामही मिळत नाही. त्यासाठी "कुठल्याही कारणाने रद्द" हे कलम हवं. ते पहिले पैसे भरल्यापासून साधारण दोन-तीन आठवड्यांतच मिळतं, आणि परतावा बहुधा ५० ते ७५ टक्के. महाग वाटतं. माझ्या मेव्हण्याला वाटलं होतं. हल्ली तो त्या विषयावर माझ्याशी बोलत नाही.
डाइव्हचा विमा वेगळा असतो बरं का.

ह्यूस्टनची थोरली
हॉटेलचे मिळाले, डाइव्हवाल्यांनी तारीख बदलून दिली. विमानाचं क्रेडिट. कणीक मळतेय, नंतर लिहिते.

डुबकी
एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि लागोपाठ केल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. अंगात मुरलेला नायट्रोजन विमानातल्या कमी दाबात बुडबुडे धरतो. एरवी हे सगळे पाळतात, पण वादळ आलं की विमानाची वेळ अलीकडे येते आणि गणित फिस्कटतं. आम्ही कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटावर होतो. समुद्र काचेसारखा, वादळ अजून लांब. नवरा म्हणे सकाळी एक शेवटची मारून येऊ. डाइव्हमास्टर बाईंनी विचारलं, नवीन विमान कितीचं? त्याच संध्याकाळचं म्हटल्यावर त्यांनी आमच्या टाक्या सरळ बोटीवरून उतरवल्या आणि हातात स्नॉर्केल (पाण्यावर तरंगत श्वास घ्यायची नळी) दिलं. हे धुसफुसत गेले, कासव बघून आले, मग तोच किस्सा सगळ्यांना सांगत सुटले.
दहा-अकरा वर्षांच्या मुलांना कोर्स झाला तरी १२ मीटरच्या खाली नेत नाहीत, तेही प्रमाणित आईबाबा किंवा व्यावसायिक डायव्हर सोबत असेल तरच. उगाच वॉल डाइव्हची (समुद्रातल्या खोल कड्यालगतच्या डाइव्हची) स्वप्नं दाखवू नका.

देवबागचो झील
आमच्याकडे ह्यो प्रश्नच नाय. पाऊस लागलो की बोटी वर! तारकर्ली-मालवणात पावसाळ्यात स्कूबा बंद, ऑक्टोबर ते मे चालू. पण २०१९ ला दिवाळीच्या सुट्टीत क्यार वादळ आलं, घर पाहुण्यांनी भरलेलं आणि पाणी गढूळ. मुंबईकर विचारतात, "उद्या क्लिअर होईल ना?" वादळ गेलं तरी वाळू बसायला दिवस लागतात हो. सगळ्यांना घरात बसवून मालवणी जेवण घातलं. कोणी तक्रार नाही केली.

पळशीकर वहिनी
अंदमानला डिसेंबर २०१६! वारदा वादळाच्या वेळी हॅवलॉकला अडकलेल्यांत आमचे सासू-सासरे होते. नौदलाच्या जहाजाने पोर्ट ब्लेअरला आणलं. मामंजी अजून "आम्ही नेव्हीत होतो" सांगतात. तेव्हापासून आमचा नियम, परतीचं विमान असेल त्याच्या आदल्या दिवशी लहान बेटावर राहायचं नाही.

आवळासुपारी
बोट लागते त्यांनी काय करायचं? मला गेटवेची लाँचसुद्धा लागते.

डुबकी
@आवळासुपारी पाण्याखाली गेलं की थांबतं. वर आलं की परत.

आवळासुपारी
म्हणजे खालीच राहू?

निळी मासोळी
बोनेअरला ये. बोटच नाही. अपार्टमेंट घे, स्वयंपाकघर असतं. आम्ही छोटा कुकर नेतो, शिट्टी झाली की शेजारचे डच लोक बाहेर येऊन बघतात.

बटाटेवडा
त्यांना वाटत असेल हरिकेनचा भोंगा.