मदत हवी आहे : प्रायव्हेट इक्विटी (पीई) इंटरव्ह्यूची तयारी

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. मुंबईत इन्व्हेस्टमेंट बँकेत अॅनालिस्ट आहे, आता प्रायव्हेट इक्विटीत, म्हणजे कंपन्या विकत घेऊन पुढे विकणाऱ्या फंडात, जायचंय. एक्सेलवर एलबीओ (कर्ज काढून कंपनी विकत घेण्याचं) मॉडेल जमतं. कागद-पेन दिलं की घोळ. पाच वर्षांत पैसे दुप्पट म्हणजे आयआरआर (दरवर्षीचा परतावा) साधारण १५%, अडीचपट म्हणजे २०%, एवढं पाठ आहे. पण परवा एका इंटरव्ह्यूत उरलेलं कर्ज वजा करून एग्झिटची इक्विटी (कंपनी विकल्यावर मालकांच्या हाती उरणारी रक्कम) काढताना अडकले, समोरचे लोक घड्याळ बघत बसले. (आईच्या लेखी बँक म्हणजे पासबुक, ती सोडायची कशाला?)

दिवाळीत आठ दिवस घरी आहे. कोणी मॉक इंटरव्ह्यू घेईल का? आणि आपण केलेल्या डीलबद्दल 'तुम्ही यात पैसे घातले असते का?' विचारलं, तर सरळ 'नाही' म्हणावं का?