मदत हवी आहे: कॉस्टिक टँकचा मॅग्नेटिक लेव्हल गेज चुकीची लेव्हल दाखवतोय (तातडीचे)

कुरकुंभ_इन्स्ट्रु
नमस्कार मंडळी. आमच्या कॉस्टिक डे टँकचा (कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाची रोजच्या वापराची टाकी) मॅग्नेटिक गेज चुकतोय. टँकच्या बाजूला बसवलेला, दोन इंची चेंबर, लाल-पांढरे रोलर. चेंबरमध्ये तरंगणाऱ्या फ्लोटच्या चुंबकाने बाहेरचे रोलर उलटतात, त्यावरून लेव्हल कळते. चार वर्षांत एकदाही तक्रार नव्हती. परवा रात्री गेजवर लेव्हल दिसत होती आणि पंप मात्र कोरडा चालला, मेकॅनिकल सील गेलं. शिफ्टच्या ऑपरेटरला मेमो दिलाय, ‘लेव्हल न बघता पंप चालू ठेवला’ म्हणून. मी स्वतः पहाटे जाऊन पाहिलं, गेज खरंच लेव्हल दाखवत होता. त्या माणसाची काही चूक नाही.

रोलर पुसले, बाहेरून चुंबक फिरवून सगळे सरळ केले, तरी तेच. काय बघू? शुक्रवारी सकाळी मीटिंग आहे. रडार लावा असं कृपया सांगू नका, आत्ता बजेट नाही.

चार_ते_वीस
बजेट नाही हे कळलं, तरी सांगतो. कॉस्टिकला गाइडेड वेव्ह रडार (प्रोबवरून लहरी सोडून लेव्हल मोजणारं उपकरण) लावून मोकळे व्हा. हलणारा एकही भाग नाही, घनता बदलली तरी रीडिंग बदलत नाही, कंट्रोल रूममध्ये सिग्नल मिळतो. फ्लोट आला की कटकट आलीच.

जुना_फिटर
लाकडी हातोड्याने चेंबरवर हलके ठोके द्या, फ्लोट सुटेल. आम्ही तीस वर्षं हेच करत आलो. आणि खरं सांगायचं तर काचेच्या नळीसारखं दुसरं काही नाही. डोळ्यांना दिसतं ते खरं.

लोटेवाला
काका, कॉस्टिकला काचेची नळी? गरम कॉस्टिक काच खातं. आत अभ्रकाची पट्टी नसेल तर नळी पातळ होत जाते आणि एक दिवस फुटते. समोर उभ्या असलेल्याच्या तोंडावर.

धागाकर्ते, तुमचा फ्लोट गोठलेल्या लायमध्ये (म्हणजे कॉस्टिकच्या द्रावणात) अडकलाय. ५० टक्के लाय साधारण १२ अंशांना गोठायला लागते. कुरकुंभला थंडीत पहाटे पारा सहज त्याच्या खाली जातो. चेंबरमधली लाय जागच्या जागी उभी असते, म्हणून टँकच्या आधी तीच गोठते. हीट ट्रेसिंग (चेंबर बाहेरून गरम ठेवणारी व्यवस्था) तपासा. आणि ट्रेसिंगच्या पट्ट्या लोखंडी असतील तर त्याही बदला, फ्लोटचं चुंबक त्यांना ओढलं जातं आणि फ्लोट भिंतीला घासत राहतो.

कुरकुंभ_इन्स्ट्रु
ट्रेसिंग चालू आहे, हात लावून पाहिलं. पट्ट्या स्टेनलेसच्या आहेत. लाय ४८ टक्के.

तारापूर_ते_जुबैल
भाऊ, मी आधी तारापूरला होतो, आता सौदीत जुबैलला याच कामावर आहे. उत्तर देण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात:
गेज जास्त दाखवतो की कमी?
फरक कायम तेवढाच असतो की बदलतो?
खरी लेव्हल कशावरून ठरवली?
आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे कधीपासून? चार वर्षं चाललेला गेज आपोआप बिघडत नाही. मध्ये कोणी उघडला होता का?

टाकी_भरली
आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीला बाजारात मिळणारा सेन्सर लावला होता, सहा महिन्यांत गंजला. नंतर साधा फ्लोट स्विच लावला, अजून चालू आहे. त्याचा विचार करून बघा.

कुरकुंभ_इन्स्ट्रु
@टाकी_भरली: आमच्याकडे पाणी नाही, कॉस्टिक आहे.

@तारापूर_ते_जुबैल: जास्त दाखवतो. आज तीनदा डिप घेतला (टँकमध्ये वरून सळई बुडवून लेव्हल मोजली). डिप ८२ सेंमी तेव्हा गेज ९२. डिप १४० तेव्हा गेज १५०. संध्याकाळी डिप ६१ आणि गेज ७१. परवा रात्री गेजवर २५ होते, आम्ही पंप २० ला बंद करतो. म्हणजे प्रत्यक्षात १५ च असणार. दिवाळीच्या शटडाऊनमध्ये चेंबर उघडून धुतला होता, ते काम दरवर्षीचंच आहे म्हणून लिहिलं नाही.

चार_ते_वीस
डिप कशाने घेता? ॲल्युमिनियमची पट्टी असेल तर आजच बाजूला काढा. कॉस्टिकमध्ये ॲल्युमिनियम विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो. आणि पट्टीचं टोक झिजलं तर डिपच चुकतो, मग गेजला दोष कशाला?

कुरकुंभ_इन्स्ट्रु
स्टेनलेसची सळई आहे, खुणा कोरलेली.

जुना_फिटर
ठोके देऊन पाहिलंत का?

तारापूर_ते_जुबैल
काका, रागावू नका, पण इथे ठोके देऊन काही होणार नाही. फ्लोट अडकला असता तर रीडिंग एका जागी थांबलं असतं. इथे फ्लोट लेव्हलबरोबर वर-खाली होतोय, फक्त दर वेळी दहा सेंमी पुढे आहे. म्हणजे तो मोकळा आहे, गोठण्याचाही प्रश्न नाही. आणि ठोक्यांनी रोलर उलटतात, मग खरं काय ते ओळखायचं कसं?

धागाकर्ते, दोन गोष्टी सांगतो. फ्लोटच्या आतलं चुंबक बरोबर द्रवाच्या पातळीवर यावं अशा हिशोबाने फ्लोट बनवतात आणि तो हिशोब द्रवाच्या घनतेवर असतो. ४८ टक्के लायची घनता साधारण १.५. समजा एखादा फ्लोट पाण्यासाठी बनवलाय आणि पाण्यात तो ३० सेंमी बुडतो. तोच फ्लोट लायमध्ये सोडला तर २० सेंमीच बुडेल. चुंबक दहा सेंमी वर, गेज दहा सेंमी जास्त, प्रत्येक लेव्हलला. तुमचा आकडा अगदी तसाच आहे.

दुसरी शक्यता फ्लोट उलटा बसल्याची. पण चुंबक बहुतेक वेळा फ्लोटच्या वरच्या अंगाला असतं, उलटा बसला तर ते खाली जातं आणि गेज कमी दाखवतो. तुमचा जास्त दाखवतोय.

म्हणून विचारतो, शटडाऊनमध्ये फ्लोट बदलला का?

कुरकुंभ_इन्स्ट्रु
नाही. स्टोअरमधून नवीन फ्लोट निघालेला नाही, रजिस्टर पाहिलं. तोच काढला, धुतला, तोच बसवला. काम बाहेरच्या ठेकेदाराच्या मुलांनी केलं, पण आमचा माणूस उभा होता.

लोटेवाला
मग घनताच बदलली असेल. टँकरवाला कमी टक्क्यांची लाय देतोय का ते लॅबला विचारा.

तारापूर_ते_जुबैल
लाय पातळ झाली तर फ्लोट जास्त बुडेल आणि गेज कमी दाखवेल. उलटी दिशा होते ही.

लोटेवाला
बरोबर, माझी दिशा चुकली. पण मग फ्लोट तोच, लाय तीच, तर फरक कुठून आला?

नवशिक्या_आयटीआय
सर, मी आयटीआय इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक (केमिकल प्लांट) करतोय. कुरकुंभला ॲप्रेंटिसची भरती कधी असते? आणि फ्लोट चेंबरमधून काढतात कसा, वरून की खालून?

तारापूर_ते_जुबैल
बाळा, साइड माउंटेडला बहुतेक खालून. खालचा फ्लँज उघडतात, म्हणून बसवतानाच चेंबरखाली फ्लोटच्या लांबीइतकी जागा सोडावी लागते. पुष्कळ ठिकाणी खाली पाइप नाहीतर काँक्रीट आणून ठेवतात आणि मग अख्खा चेंबर उतरवायची वेळ येते. भरतीचं धागाकर्ते सांगतील.

धागाकर्ते, त्या शटडाऊनमध्ये आणखी कुठला मॅग्नेटिक गेज उघडला होता का?

कुरकुंभ_इन्स्ट्रु
हो, शेजारच्या कंडेन्सेट टँकचा. तो तर शटडाऊनपासून शून्यावरच आहे, हलतच नाही. फ्लोट अडकला असेल म्हणून त्याचा वेगळा धागा काढणार होतो. तिथे डीपी ट्रान्समीटर (दाबाच्या फरकावरून लेव्हल सांगणारा) आहे, त्यामुळे काम अडलं नव्हतं. त्याचा इथे काय संबंध?

तारापूर_ते_जुबैल
अहो, संबंध तोच आहे! दोन्ही गेज एकाच पुरवठादाराचे, एकाच मापाचे आहेत ना? दोन्ही फ्लोट एकाच वेळी बाहेर पडले होते. कंडेन्सेटचा हलका फ्लोट लायमध्ये गेला, तो वर उचलला गेला. लायचा जड फ्लोट कंडेन्सेटमध्ये गेला, तो तळाला बसलाय. १.५ घनतेत ३० सेंमी बुडणाऱ्या फ्लोटला पाण्यात तरंगायला ४५ सेंमी बुडावं लागेल. त्याची लांबीच तेवढी नसेल तर तो बुडणारच. अडकलेलं काही नाही, अदलाबदल झालीय.

खात्री करायची असेल तर दोनशे लिटरच्या ड्रममध्ये साधं पाणी भरा आणि दोन्ही फ्लोट सोडा. एक तरंगेल, एक बुडेल.

काढताना मात्र घाई नको. दोन्ही आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद करा, वरचा व्हेंट हळू उघडा, मग ड्रेन. पूर्ण चेहऱ्याची ढाल, पीव्हीसी सूट, आणि काम सुरू करण्याआधी सेफ्टी शॉवर एकदा चालवून बघा. डोळ्यात लाय गेली तर किमान १५ मिनिटं पाणी मारायचं, मध्ये थांबायचं नाही, आणि सरळ डॉक्टरकडे. कंडेन्सेट गरम असेल तर तो चेंबर आधी गार होऊ द्या. फ्लोट लोखंडी जाळीवर ठेवू नका, चुंबकाने चिकटतो आणि आपटला की पोचे पडतात. लाकडी फळीवर ठेवा. परत चालू करताना आधी वरचा व्हॉल्व्ह, मग खालचा अगदी हळू. झटकन उघडलात तर फ्लोट गोळीसारखा वर जाऊन आपटतो आणि रोलर मागे राहतात.

चार_ते_वीस
हे पटलं. पण बघा, रडार असता तर हा प्रकार घडलाच नसता.

लोटेवाला
रडारचं प्रोब चुकीच्या नोझलवर बसवलेलं मी पाहिलंय. आणि लाइट गेली की रडार बंद. मॅग्नेटिक गेज अंधारात टॉर्च मारली तरी दिसतो. टँकवर दोन्ही हवेत.

जुना_फिटर
आमच्या वेळी प्रत्येक फ्लोटला तांब्याच्या तारेने पत्र्याचा बिल्ला बांधून ठेवायचो, उघडल्यापासून बसवेपर्यंत. बसवताना बिल्ला काढायचा आणि तो स्टोअरला जमा झाल्याशिवाय परमिट (कामाचा लेखी परवाना) बंद होत नसे. तो भाग आता कोणी करत नाही.

कुरकुंभ_इन्स्ट्रु
आज दुपारी दोन्ही चेंबर उघडले. कॉस्टिकच्या फ्लोटवर पांढरा थर होता, कोमट पाण्याने धुतला. टोकाजवळ बारीक कोरलेलं दिसलं: बाण आणि खाली १.०. कंडेन्सेटमधून निघालेल्यावर १.५. ड्रममध्येही सोडून पाहिले. १.० चा सरळ उभा तरंगला, १.५ चा हळूहळू तळाला गेला. सगळे फिटर भोवती उभे राहून बघत होते.

अदलाबदल करून बसवले. रात्री नऊला डिप ९६, गेज ९६. कंडेन्सेटचा गेजही उठला. काका, तुमचा बिल्ला पुढच्या शटडाऊनपासून सुरू करतोय, परमिटवर तशी ओळ टाकायला सांगितली आहे. शिवाय दोन्ही फ्लोटवर टॅग नंबर मोठ्या अक्षरात कोरून घेतला. जुबैलकर, तुमचे उपकार आहेत.

दोन्ही फ्लोटचे फोटो आणि तीन डिपचे आकडे छापून घेतलेत. उद्या मीटिंगला तेच घेऊन जातोय, तो मेमो मागे घ्यायला लावल्याशिवाय उठणार नाही.

@नवशिक्या_आयटीआय: भरतीचं एचआरला विचारून व्यनि करतो.