बाटलीत आम्ही ठरवतो, गर्भात कोण ठरवतं?

रावेरकर:
केळीच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये नऊ वर्षं झाली. मीडियात (रोपं वाढवायच्या पोषक मिश्रणात) सायटोकायनिन हे संप्रेरक वाढवलं की ग्रँड नैन जातीच्या केळीला फुटवे, ऑक्झिन या दुसऱ्या संप्रेरकाकडे नेलं की मुळं. एकदा रात्रपाळीत माझ्याच हातून या दोन्हींच्या स्टॉकच्या बाटल्या बदलल्या. चार आठवड्यांनी बघतो तर फुटवे नाहीतच, नुसत्या पांढऱ्या मुळ्या! आता बारावीतली लेक विचारते, गर्भाच्या स्टेम पेशींतून मेंदूही होतो आणि हृदयही, ते कसं? मी ठोकून दिलं, "आत कुणीतरी मीडिया बदलत असेल." पण कोण?

धुळेकर मॅडम:
दादा, सगळ्यांना एकच मीडिया दिला तरी पेशी वेगवेगळ्या वाटा धरतात. 2014 मध्ये मानवी भ्रूण-स्टेम पेशी छोट्या गोल ठिपक्यांवर वाढवून सगळ्यांवर बीएमपी4 हे संदेश देणारं प्रथिन घातलं. मधोमध बाह्यस्तर, ज्यातून पुढे त्वचा आणि चेतासंस्था होते. त्याभोवती मध्यस्तर, मग अंतःस्तर. अगदी कडेला वारेच्या (प्लासेंटाच्या) जातीच्या पेशी. कडेच्या पेशींची ग्राहकं (संदेश पकडणारी प्रथिनं) उघडी, त्यांना संदेश पुरता मिळतो. मधल्यांची ग्राहकं पेशींच्या बाजूला दडलेली. शिवाय बीएमपी4 मिळालं की पेशी स्वतःच नॉगिन नावाचं प्रथिन सोडतात, ते बीएमपीला अडवतं.

उंदराच्या गर्भातही आधी जागाच बघितली जाते. बाहेरच्या पेशीची एक बाजू मोकळी, म्हणून तिच्यात सीडीएक्स2 हे जनुक जागं होतं आणि ती वारेकडे जाते. आतल्यांत ऑक्ट4 आणि नॅनॉग ही जनुकं जागी राहतात. आपण स्टेम पेशी घेतो त्या याच.

जळगावचा भाचा:
वेळही बघा. 2013 चं काम आहे : विभाजनानंतरच्या जी1 टप्प्याच्या सुरुवातीला पेशी अंतःस्तराकडे वळते, त्याच टप्प्याच्या शेवटी चेतापेशींकडे. (परीक्षेत हे कधी विचारत नाहीत, म्हणून लक्षात राहिलं.)

रावेरकर:
हे तर बागेसारखं झालं भो. मे महिन्यात गरम वारा कडेच्या ओळीची पानं फाडून टाकतो, मधली झाडं मजेत. फरक एवढाच, आम्हाला कडेने शेवरीची झाडं लावावी लागतात, या पेशी आडोसा स्वतःच करतात. बरं, एकदा वाट धरली की परत फिरता येतं का?

धुळेकर मॅडम:
आपोआप सहसा नाही. जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी 2006 मध्ये उंदराच्या त्वचेच्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना मागे नेलं, ऑक्ट4 त्यातलंच एक. 2012 चं नोबेल त्यालाच.

रावेरकर:
चार? आमच्याकडे दोन बाटल्यांत घोळ होतो. लेकीला आज रात्री खरं उत्तर सांगतो.