बीजिंगचं छियानमेन: जुनं म्हणून बघायला जावं का?

भटक्या_विमुक्त: परवाच बीजिंगहून आलो. छियानमेन स्ट्रीटबद्दल एवढं ऐकलेलं की पहिल्याच दिवशी संध्याकाळी गेलो. समोर ती दांडगी वेस, झेंगयांगमेन, ती बघून जीव खुश झाला, पण खाली रस्त्यावर उतरलो तर सगळं चकाचक राखाडी वीट, कंदील, मधून एक जुन्या ढंगाची ट्राम आणि दोन्ही बाजूंना ब्रँडेड शोरूम. नंतर वाचलं की ऑलिंपिकच्या आधी सगळं पाडून बांधलंय, ऑगस्ट २००८ मध्ये उघडलं. मग हे जुनं कसलं? सरळ सिनेमाचा सेट. माझं मत, वेळ घालवू नका.

चहाबाज: अहो तुम्ही बहुतेक मेन रस्त्यावरूनच परत फिरलात. पश्चिमेला वळलात का? तिथे दाशिलार ही जुनी बाजारगल्ली आहे, खरं नाव मोठं कुंपण अशा अर्थाचं, रात्री चोर येऊ नयेत म्हणून गल्लीच्या तोंडाला लाकडी फाटकं लावायचे त्यावरून. थोंगरनथांग औषधवाले १६६९ पासूनचे. आणि नेइल्यानशेंग, १८५३ चं चपला-बुटांचं दुकान! आधी दरबारी अधिकाऱ्यांचे बूट शिवायचे आणि प्रत्येकाच्या पायाचं माप वहीत टिपून ठेवायचे, म्हणजे साहेबाला बूट भेट द्यायचे तर साहेबाला न विचारताच माप मिळायचं 😄 मी तिथे कापडी जोड घेतला. सुती कापडाचे थर खळीने चिकटवून, वरून दोऱ्याने ठासून शिवलेला तळवा, बोटाने दाबला तर लाकडासारखा कडक. हे सेटवर मिळतं?

भटक्या_विमुक्त: बूट ठीक आहेत हो, मी रस्त्याबद्दल बोलतोय. दुकान जुनं आणि भिंत कालची, तर मी नेमकं काय बघायला गेलो?

दुपारची_झोप: भाऊ, भिंत जुनी असा आग्रह धरला तर तिथे फार काही सापडणारच नाही. १९०० च्या जूनमध्ये परदेशी लोकांविरुद्ध उठलेल्या बॉक्सर बंडवाल्यांनी दाशिलारमधल्या परदेशी औषधं विकणाऱ्या दुकानाला आग लावली, ती आवरली नाही, हजारावर दुकानं गेली, वेशीचा पुढचा बुरूजसुद्धा जळाला. रुईफूशियांग हे रेशमाचं दुकान तेव्हाच खाक झालं आणि लगेच परत बांधलं. आज आपण ज्या दर्शनी भागाचे फोटो काढतो तो त्यानंतरचा. मग ते पण खोटं म्हणणार का?

हुतोंगवाली: दोघंही ताणताय. आग लागल्यावर दुकानदाराने स्वतःच्या हाताने परत उभं करणं वेगळं आणि सगळी माणसं हलवून, भाडी वाढवून, मग कंदील टांगणं वेगळं. मी चार वर्षं बीजिंगला नोकरीला होते. विटा नव्या याचं मला काहीच नाही, पण मेन रस्त्यावर सकाळी पायजम्यात कुत्रं फिरवणारे आजोबा दिसत नाहीत, ते मागच्या गल्ल्यांत दिसतात, म्हणून तिथे जा. छियानशी हुतोंग ही गल्ली शोधा, सगळ्यात अरुंद जागी जेमतेम ४० सेंटिमीटर, पूर्वी चांदी-तांब्याच्या पैशांच्या अदलाबदलीचा बाजार होता म्हणे. माझी पाठीवरची सॅक अडकली आणि मागे एक आजी भाजीची पिशवी घेऊन उभ्या, मी आडवी चालत बाहेर.

चहाबाज: ताई हे पटलं. पण नव्या रस्त्यामुळे जुन्या दुकानांना गिऱ्हाईक मिळतंच की.

हुतोंगवाली: मिळतं, पण टूरवाल्यांचं. थोंगरनथांगला आमच्या शेजारीण काकू औषधी पुड्या बांधून घ्यायला जायच्या तेव्हा पर्यटक दारातच फोटो काढत उभे, काकूंना आत शिरायला वाट नाही.

भटक्या_विमुक्त: ती ४० सेंटिमीटरवाली गल्ली आधी कोणी सांगितली असती तर! आता माझ्या पोटाचा घेर बघता तसंही अवघडच 😅 पण ट्रामबद्दल मी एक शब्द मागे घेणार नाही.

दुपारची_झोप: ट्रामला माझाही पाठिंबा नाही, चालत तिच्या आधी पोचतो आपण.